कागदाला घेर येत नाही, ताई!

मागच्या अंकात मी वीतभर उंचीच्या कागदी झग्याबद्दल लिहिलं होतं. वरची चोळी जाड कागदाची, खालचा घेर फुलाच्या पाकळ्यांसारखा. वाटलं होतं, चार-पाच जणी करून बघतील. प्रत्यक्षात पत्रांचा ढीग आला, आणि त्यातली निम्मी तक्रारींची. मला बरं वाटलं. तक्रार करणाऱ्याने निदान कात्री तरी हातात घेतलेली असते.

माझ्याबद्दल दोघी-तिघींनी विचारलंय म्हणून एकदाच सांगते. एकतीस वर्षं मी कपडे शिवले. गुडघ्यांनी मशीनचा पायटा सोडायला लावला तेव्हा कागद हातात आला, त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यामुळे माझी उत्तरं शिंपिणीच्याच भाषेत येणार.

प्रश्न : ताई, मी वीस वर्षं फ्रॉक शिवते. अंब्रेला घेर डोळे मिटून कापते. तुमचा लेख वाचून कागदाचाही तसाच पूर्ण गोल कापला, मधे कमरेचं भोक पाडलं आणि बाहुलीला घातला. तो ताटलीसारखा आडवाच राहिला! हाताने खाली दाबला तर चुरगळला. कागदाला घेर येतच नाही का?

उत्तर : येतो, पण कापडाच्या वाटेने येत नाही. तुमची चूक सवयीची आहे आणि मीही अगदी हीच केली होती.

कापडात उभे-आडवे धागे एकमेकांवरून सरकतात. उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं की ते लांबतं, म्हणून गोल घेर कमरेखाली लाटांमध्ये पडतो. कागदात धागे नसतात. बारीक तंतू एकमेकांत गुंतून चिकटलेले असतात आणि ते सरकत नाहीत. कागदाची पट्टी नळीसारखी वळवून धरा आणि मग तीच पट्टी दुसऱ्या दिशेला वाकवून बघा. एक तर ती अडून बसेल, नाही तर तिला चुरगळी पडेल. कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, वाटी मात्र होत नाही.

म्हणून पूर्ण गोल कापला की तो सपाटच राहणार. अर्धा गोल कापून कडा जोडल्या तर टोकाशी ६० अंशांचा शंकू होतो, झग्याला तो ठीक दिसतो. पाव गोलाचा शंकू जेमतेम २९ अंशांचा, मिटलेल्या छत्रीसारखा. पण नुसता शंकू म्हणजे कर्णाच! त्यात झग्याची ऐट नाही.

मी कळ्या लावते, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असे उभे तुकडे. बाहुलीची कंबर १२ सें.मी. असेल तर आठ कळ्या घ्या. प्रत्येक कळी वर दीड सें.मी., खाली ६ सें.मी. आणि उंची १४. चिकटवण्यासाठी एका बाजूला ४ मि.मी. माया ठेवा, दोन्ही बाजूंना नको, नाहीतर प्रत्येक जोडाशी कागदाचे तीन-तीन थर साचतात. खालची कड सरळ न कापता थोडी बाहेर फुगवटा देऊन कापा, म्हणजे जोडल्यावर टोकं लोंबत नाहीत. आणि जोडण्याआधी प्रत्येक कळी विणायच्या सुईवर उभी गुंडाळून सोडून द्या. तिला पन्हळीसारखा बाक येतो. अशा आठ पन्हळी एकाला एक लागल्या की तळाशी ४८ सें.मी.चा घेर तयार होतो आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. शिवणकामातली कळी आणि झाडावरची कळी, इथे दोन्ही एकाच तुकड्यात बघायला मिळतात.

गोल कापलेला कागद टाकू नका. त्याच्यावर मध्यापासून कडेपर्यंत सुईच्या पाठीने रेघा दाबून एक वर एक खाली अशा घड्या घातल्या की कार्नेशनचं फूल होतं.

प्रश्न : निऱ्या घालताना माझा कागद घडीवर चरचर फाटतो. पांढऱ्या रेघा दिसतात. कागद महागातला घेतला तरी तेच.

उत्तर : पैसे वाया घालवू नका, कागद फिरवा.

कारखान्यातला कागद तयार होताना लगदा पळत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू त्या पळण्याच्या दिशेने झोपतात. त्यामुळे कागदालाही कापडासारखी उभी-आडवी बाजू असते. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर ती सुरीसारखी बसते. आडवी घातली तर तंतू मोडतात आणि त्या पांढऱ्या रेघा दिसतात.

दिशा ओळखायला मी पाण्याचं बोट लावते. कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन त्याची एकच बाजू ओल्या बोटाने पुसते. तो लगेच वळायला लागतो. वळून जी नळी होते, ती ज्या दिशेला लांब पडते तीच तंतूंची दिशा. पाणी लावायचं नसेल तर फाडून बघा : एका बाजूने सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने नागमोडी. हातकागदाचं वेगळं आहे. तो साच्यावर उचलून हलवतात, तंतू सगळीकडे विस्कटतात, म्हणून त्याला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच. पण त्याची घडी मुळातच जाड बसते, बारीक निऱ्यांना तो घेऊ नका.

आता हिशोब. एकमेकीला लागून असलेल्या एक सें.मी.च्या निऱ्या हव्या असतील तर प्रत्येक निरी तीन सें.मी. कागद खाते. कंबर १२ असेल तर पट्टी ३६ सें.मी. लागणार. ए-फोर कागद बहुधा लांबीच्या दिशेने तंतूंचा असतो, पण तपासून घ्याच. तो आडवा कापला की २१ सें.मी. लांबीच्या आणि हवी तेवढी उंची असलेल्या पट्ट्या मिळतात, आणि तंतू आपोआप उभे येतात. दोन पट्ट्या एक सें.मी. एकमेकींवर चढवून चिकटवल्या की ४१ झाले. जोड निरीच्या पोटात दडवा. उरलेले पाच सें.मी. लगेच कापू नका. कागद दोन थरांनी जाड होतो तेव्हा हिशोबापेक्षा थोडा जास्तच लागतो, हे मी तीन झगे आखूड झाल्यावर शिकले.

घडी घालण्याआधी रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेघ दाबा. त्यासाठी माझ्याकडे अशी अकरा मेलेली पेनं जपून ठेवलेली आहेत. घरातले हसतात.

प्रश्न : ग्लू गन वापरली तर चालेल का? पटकन होतं.

उत्तर : पटकन होतं आणि तसंच दिसतं. पाकळीच्या बुडाशी ती गोळी जन्मभर दिसत राहते. पांढरा गोंद दातकोरण्याच्या टोकाने लावा आणि वीसपर्यंत आकडे मोजा. पातळ टिश्यूला मात्र पांढरा गोंदही ओला पडतो, सुरकुत्या येतात. तिथे मेथिल सेल्युलोजची (पाण्यात कालवायची गोंदाची पूड) पातळ खळ बरी. कणकेची खळ करणारे करतात, पण तिला कीड येते.

प्रश्न : बाई, मी ७१ वर्षांचा निवृत्त माणूस आहे. बायको शिवायची, मी कधी सुईत दोराही ओवला नाही. आता तिच्या कात्र्या घरात पडून आहेत आणि मला कागदी फुलं करावीशी वाटतात. हात किंचित थरथरतो. हे आता सुरू करण्यात काही अर्थ आहे का, खरं सांगा.

उत्तर : खरं सांगते. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी नावाच्या बाई होऊन गेल्या. जन्म १७०० चा. तरुणपणी भरतकाम करायच्या. दरबारात जायचा स्वतःचा पोशाख त्यांनी काळ्या रेशमावर खऱ्याखुऱ्या फुलांच्या नक्षीने सजवला होता. १७६८ मध्ये त्यांचे दुसरे यजमान गेले. त्यानंतर १७७२ मध्ये, म्हणजे वयाच्या ७२ व्या वर्षाच्या सुमाराला, त्यांनी कागदाची फुलं कापायला घेतली. समोर खरं झाड ठेवायचं, रंगीत कागदाचे बारीक-बारीक तुकडे कापायचे आणि काळ्या रंगवलेल्या कागदावर ते एकावर एक चिकटवायचे. एका फुलाला कधीकधी शेकडो तुकडे. नजर साथ देईनाशी होईपर्यंत, दहाएक वर्षांत, हजाराला थोडी कमी एवढी चित्रं त्यांनी केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही पक्की मानली जातात. मला त्यात सगळ्यात आवडतो तो काळा रंग. ज्या बाईने आधी काळ्या रेशमावर फुलं भरली, तिने म्हातारपणी काळ्या कागदावर चिकटवली. सवय बदलली नाही, सुईच्या जागी कात्री आली एवढंच.

तेव्हा तुम्ही वेळेवर आहात, एखादं वर्ष आधीच म्हणा.

थरथरीचं असं करा. मनगट टेबलावर टेकवा आणि कात्री जागेवरच उघड-मिट करत राहून डाव्या हाताने कागद फिरवा. कात्री फिरवली की थरथर टोकाला जाते, कागद फिरवला की बरीचशी मनगटातच राहते. बायकोच्या कात्र्यांमधून लांब दांड्याची आणि छोट्या पात्याची निवडा. मोठी कापडाची कात्री कागदाला लावू नका. ती त्यांनी कधीच लावू दिली नसती, हे मी त्यांना न भेटताही सांगू शकते.

सुरुवात मोठ्या फुलापासून करा, हाताच्या पंजाएवढ्या. आणि काही पाकळ्या कापूच नका, फाडा. लांब तंतूंच्या पातळ कागदावर ओल्या कुंचल्याने रेघ ओढायची, क्षणभर थांबायचं आणि दोन्ही बाजूंना हळू ओढायचं. कड मऊ, लवदार येते. खसखशीच्या फुलाची कड अशीच असते. तिथे थरथरणारा हात माझ्या हातापेक्षा चांगलं काम करेल.

प्रश्न : चोळीला हौसेने मशीनची टीप मारली. तयार झाल्यावर उचलली तर टिपेवरूनच तिकिटासारखी फाटून हातात आली.

उत्तर : तिकिटासारखी म्हणालात तेच कारण. जवळजवळ भोकं पाडली की ती फाडायची रेघ होते. टाका साडेतीन ते चार मि.मी. ठेवा, दोऱ्याचा ताण सैल करा, सुई बारीक लावा. शेवटी उलटी टीप मारू नका. दोरे मागच्या बाजूला ओढून घेऊन गाठ मारा. कागदात खडू-मातीची पूड मिसळलेली असते, तिने सुई बोथट होते, म्हणून कागदाची सुई वेगळी ठेवा आणि डबीवर तसं लिहा.

टाचण्यांचंही तेच. कापडाच्या सवयीने मी एकदा चोळीचे तुकडे टाचून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी बावीस भोकं. कापडात टाचणीचं भोक हाताने चोळलं तरी बुजतं आणि चुकलेली टीप उसवता येते. इथे दोन्ही नाही. शेवटी त्या भोकांमधून पिवळा दोरा ओवून वर गाठी मारल्या आणि पुंकेसर म्हणून खपवले. त्या झग्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. तेव्हापासून मी कागदाच्या क्लिपा वापरते.

प्रश्न : मावशी, मी फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'फुलावरून पोशाख' असा विषय होता, कागदात छोटा नमुना करायचा होता. मी एक तयार आकाराचा झगा केला आणि त्यावर दोनशे पाकळ्या चिकटवल्या. तीन रात्री जागले. सर म्हणाले, 'ही सजावट झाली, रचना नाही.' काय चुकलं ते कळलंच नाही.

उत्तर : तुझ्या सरांनी कोरडेपणाने सांगितलं असेल, पण बरोबर सांगितलं. फुलाकडे तू रंग म्हणून बघितलंस. ते शिवलंय कसं ते बघ.

जास्वंदीचं एक ताजं फूल घे आणि उसव. होय, उसव. आधी देठाशी हिरवी वाटी दिसेल, तो निदलपुंज. पोशाखात तो योक, म्हणजे घेर जिथे जोडतात तो वरचा तुकडा; सगळ्या पाकळ्या तिथून लटकतात. मग पाच पाकळ्या. काढण्याआधी नीट बघ : प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही एकाच दिशेने. ओळखलंस? एका दिशेच्या निऱ्या आहेत त्या, गोलात घातलेल्या. आता पाकळ्या सुट्या करून जाड पुस्तकात तासभर दाब आणि कागदावर त्यांची बाह्यरेषा काढ. दोन्ही बाजू सारख्या नसतात, एका अंगाला कललेल्या असतात. हा कल तू कधी चित्रातून काढला नसतास. त्या पाच तुकड्यांचा तुझा पॅटर्न झाला.

कागदात जोडताना एक मेख आहे. चार पाकळ्या सहज बसतात. पाचवीची एक कड चौथीवर येते, पण दुसरी कड पहिलीच्या खाली जायला हवी आणि पहिली तर तू केव्हाच चिकटवून बसलीस. म्हणून पहिलीची एक बाजू अर्ध्यापर्यंत गोंदाविना मोकळी सोडायची आणि पाचवी तिच्याखाली सरकवल्यावरच ती बंद करायची. निऱ्यांच्या घेराचं शेवटचं तोंड जोडतानाही हेच करतात. हाताला हे एकदा कळलं की झग्याचा घेर फुलासारखा 'दिसत' नाही, तो तसाच बांधलेला असतो.

मग धोत्र्याची कळी बघ. फक्त बघ, झाड विषारी आहे, हाताळलंस तर हात धू. लांब नळी, तिला उभ्या घड्या आणि वर पीळ. २० सें.मी. रुंद आणि १२ उंच पातळ कागद घे, २ सें.मी.वर उभ्या घड्या घाल, एक वर एक खाली, नळी चिकटव आणि वरचं तोंड चिमटीत धरून एका दिशेने हळू पीळ दे. सोडलंस की ती अर्धवट उलगडून थांबते. ही बाही आहे. कुठेही पाकळी चिकटवलेली नाही, तरी बघणाऱ्याला फूल कळतं.

मोठ्या माणसांनीही हेच केलं. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला ख्रिश्चन दिओर या फॅशनकाराने आपला पहिला संग्रह दाखवला, त्यातल्या एका बेताला नाव दिलं होतं 'कोरोल', म्हणजे दलपुंज, पाकळ्यांचा मुकुट. चोळी घट्ट, कंबर बारीक आणि खाली उमललेला घेर. कपड्यावर पाकळ्या नव्हत्या, कपडाच फुलासारखा उमलत होता. तो घेर फुलून राहावा म्हणून आत अस्तरं आणि जाळीचे थर घालावे लागत. आपलं उलट आहे. कागद मुळातच ताठ, त्याला झुकवायला आपण धडपडतो.

पुढचा नमुना एकाच फुलाचा कर. आणि दोनशे पाकळ्या फेकू नकोस, पण दाखवूही नकोस.

प्रश्न : क्रेप कागदाची पानं केली. आकार बरोबर, रंग बरोबर, तरी ती शाळेतल्या हस्तकलेसारखी दिसतात.

उत्तर : कारण क्रेपच्या सुरकुत्या पानात उभ्या आल्या असणार, देठापासून टोकापर्यंत. पाकळीला त्या तशाच हव्यात, म्हणजे अंगठ्यांनी मधोमध रुंदीत ताणून खोलगट वाटी करता येते (साध्या कागदाला जे जमत नाही ते क्रेपला जमतं, कारण ताणायचा जास्तीचा कागद त्याच्या सुरकुत्यांमध्ये साठवलेला असतो). पण पानाच्या शिरा मधल्या शिरेपासून तिरक्या बाहेर जातात. म्हणून पान उरेब कापायचं.

क्रेपचा चौकोन घ्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापा. दोन त्रिकोण मिळतील. त्यातला एक उलटा करून दोन्हींच्या तिरक्या कडा एकमेकींवर पाच मि.मी. चढवून चिकटवा. सुरकुत्या आता मधल्या जोडापासून दोन्हीकडे कोनात गेलेल्या दिसतील. त्या वर, टोकाकडे गेल्या पाहिजेत. खाली चालल्या असतील तर तुकडा फिरवा. जोडामध्येच गोंद ओला असताना बारीक तार घाला आणि वाळल्यावर पानाचा आकार कापा. ज्यांनी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा उरेब घागरा शिवलाय आणि मधल्या शिवणीवर रेघा जुळवल्या आहेत, त्यांच्यासाठी हे जुनंच काम आहे. जोड मागून थोडा जाड राहतो. राहू द्या, खरी शीरही मागूनच वर आलेली असते.

प्रश्न : माझा झगा कागदाचाच दिसतो. रेशीम, जाळी, लेस असं काही वाटत नाही. काही युक्ती आहे का?

उत्तर : युक्त्या आहेत. बेल्जियमच्या कलाकार इझाबेल द बोर्शग्राव्ह (१९४६–२०२४) यांनी १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला भेट दिली आणि त्यानंतर जुन्या काळातले पोशाख कागदात उतरवायला घेतले, पूर्ण मापाचे. कागद रंगवून, चुरगळून, निऱ्या घालून त्यांनी रेशीम, मखमल आणि लेस असं काही उभं केलं की बघणाऱ्याचा हात पुढे जातो. कागद चुरगळायचा, हाताने सारखा करायचा, परत चुरगळायचा, असं आठ-दहा वेळा केलं की तो मऊ पडतो. हे तुम्हीही करून बघा.

पण माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं या वाटेला जाऊ नका. आधी कागद कागदासारखा सुरेख दिसू दे. त्याची कापलेली धार, उजेडासमोर दिसणारे तंतू, घडीची सावली, हे रेशमाकडे नाही. ते झाकायचं कशाला?

प्रश्न : हा कागदी पोशाख खरंच अंगात घालता येईल का?

उत्तर : १९६६ मध्ये अमेरिकेत स्कॉट पेपर कंपनीने जाहिरात म्हणून कागदी झगे विकले आणि काही काळ त्यांची लाटच आली. घाला आणि फेकून द्या, असा प्रकार. जपानमध्ये मात्र फार पूर्वीपासून कागदाचे टिकाऊ कपडे आहेत. त्यांना कामिको म्हणतात. तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीचा लांब तंतूंचा कागद, त्याला कोन्याकू नावाच्या कंदाची खळ, आणि मग हाताने मळून मऊ करणं. तुमच्या-माझ्या कार्डशीटचा झगा घालून खाली बसायचा प्रयत्न मात्र करू नका. मी केलाय, एका प्रदर्शनात. उभीच राहिले असते तर बरं झालं असतं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीची लाल फुलं गुलाबी झाली, जांभळी राखाडी झाली. काय करू?

उत्तर : झालेल्याला इलाज नाही. क्रेप आणि टिश्यूचे रंग उजेडाला कच्चे असतात. खिडकीसमोरून हलवा, काचेच्या चौकटीत ठेवा. नवं करताना आम्लमुक्त कागद मागून घ्या, आणि वर्तमानपत्राचा कागद अस्तराला म्हणूनसुद्धा वापरू नका. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, पिवळं पडतं. दमट हवेत क्रेपच्या सुरकुत्या ढिल्या पडतात आणि पाकळ्या माना टाकतात. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. राखाडी झालेली जांभळी फुलं मला मात्र बघायला आवडली असती.

प्रश्न : ताई, आई शिवणकाम करायची. ती गेल्यावर कपाटात कागदी पॅटर्नचा गठ्ठा सापडला, पातळ आणि पिवळा पडलेला. तुमचा लेख वाचून त्यांची फुलं करावीत असं मनात आलं, पण कात्री लावायचा धीर होत नाही. आणखी एक. मला शिवण अजिबात येत नाही. त्यातल्या बऱ्याच कागदांवर आईच्या अक्षरात 'माया धरलेली नाही' असं लिहिलंय. वाचून पोटात कसंतरीच झालं. तिने असं का लिहिलं असेल?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, म्हणजे आज झोप लागेल. माया म्हणजे शिवणीसाठी कडेने सोडलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं, कपडा घट्ट झाला, की शिवण उसवून तीच माया बाहेर काढतात आणि कपडा मोठा करतात. पॅटर्नवर 'माया धरलेली नाही' असेल तर कापणाऱ्याला कळतं की ही रेघ अंगाच्या मापाची आहे, हिच्यावर कापू नये, अर्धा-पाऊण इंच सोडून बाहेरून कापावं. घाईच्या दिवशी चूक होऊ नये म्हणून आईने ते स्वतःला बजावलंय. माझ्याही पॅटर्नवर तेच लिहिलेलं आहे, शंभर वेळा तरी.

आता कात्रीचं. गठ्ठ्याचे दोन भाग करा. छापील आणि हाताने काढलेले. विकत मिळणाऱ्या तयार पॅटर्नचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत एबनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले, त्यानंतर घरोघर ते पोचले. असे छापील कागद अनेक असतात, ते कापायला हरकत नाही. फुलांसाठी तो कागद फार सुंदर. अर्धपारदर्शक असतो, तीन थर एकमेकांवर आले की मधाचा रंग येतो आणि तुटक रेघा शिरांसारख्या दिसतात. त्यावर एक लांब बाण छापलेला असतो, कापडाची उभी बाजू दाखवणारा. पाकळी अशी कापा की बाण बुडापासून टोकाकडे जाईल. आधी कोपरा दोनदा दुमडून बघा. तुटला तर तो कागद फुलाला झेपणार नाही. सुरकुत्या असतील तर दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून मंद इस्त्री फिरवा, वाफ नको.

हाताने काढलेले कापू नका. नव्या टिश्यूवर मऊ पेन्सिलने गिरवून घ्या, अक्षरासकट. फुलं त्या प्रतींची करा. आणि त्यात एखादा लहान मुलीच्या फ्रॉकचा पॅटर्न असेल, मुंढा (बाही जोडायची जागा) चार-पाच इंचांचा, तर त्याची छाती-उंची तुमच्या लहानपणच्या फोटोंशी ताडून बघा.

गिरवलेल्या कागदातून पाकळ्या कापाल तेव्हा बुडाशी अर्धा इंच माया ठेवा. तारेभोवती गुंडाळायला ती लागते.